‘पडीक’ जमिनीचा हिशेब

महसुली दप्तरातील काही शब्दांनी महाराष्ट्रातील लक्षावधी एकर जमिनीचे भवितव्य ठरवून टाकले आहे. ‘पडीक’ हा त्यांतला एक, ‘पोटखराबा’ हा दुसरा. १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी मुंबई इलाख्यातील जमीनमोजणीची नवी पद्धत इंदापूर तालुक्यापासून सुरू केली. मातीचा पोत, खोली आणि दोष पाहून शेताची प्रत आण्यांत ठरवावयाची व त्या प्रतीवरून आकारणी बसवावयाची, अशी ती पद्धत होती. आधीच्या प्रिंगलसाहेबाच्या जबर आकारणीने मेटाकुटीस आलेल्या रयतेला तिने दिलासा दिला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु जी जमीन नांगराखाली येत नाही तिच्यावर आकारणी नाही, आणि जिच्यावर आकारणी नाही ती ‘खराब’, हे समीकरणही त्याच कागदांबरोबर रूढ झाले. पुढे कंपनी सरकार गेले, राणीचे राज्य गेले, आणे जाऊन नवे पैसे आले. समीकरण मात्र तलाठ्याच्या दप्तरात कायम राहिले.

योगायोग असा की, ज्या इंदापूर तालुक्यात ही मोजणी सुरू झाली, त्याच तालुक्यातील कडबनवाडीच्या माळावर आज चिंकारा पाहण्यासाठी पुण्याहून माणसे जातात. माळावर लांडगा आहे, खोकड आहे, तरस आहे. धाविक आणि चंडोल आहेत. अलीकडे वनखात्याने तेथे शुल्क घेऊन माळरान दाखविण्याची व्यवस्थाही केली आहे. दोनशे वर्षांपूर्वी ज्या जमिनीची किंमत शून्य लिहिली गेली, तिच्याकडे पाहण्यासाठी आता तिकीट आहे. जमीन तीच, पाऊस तोच वीस-पंचवीस इंचांचा. बदलला तो हिशेब करणारा.

वन्यजीव आणि वने यांच्या रक्षणाविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, तिच्यात माळरानाला जवळजवळ स्थान नाही. जंगल म्हटले की डोळ्यांसमोर येते ती गर्द झाडी, आणि वन्यप्राणी म्हटला की वाघ. ताडोबा आणि मेळघाट यांची काळजी घेणारे पुष्कळ आहेत, आणि ते योग्यच आहे. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते आणि त्या संरक्षणाची फळे दिसतही आहेत. पण पश्चिम घाटाच्या पूर्वेला, पावसाच्या छायेत, पुणे, अहिल्यानगर, सोलापूर, बीड, धाराशिव असा जो मोठा प्रदेश पसरला आहे, त्याची मूळ वनस्पती झाड ही नव्हेच; ती गवत आहे. मारवेल, पवन्या, कुसळी ही त्या भूमीची पिके. एप्रिल-मे महिन्यांत तो माळ पाहणाऱ्याला उजाड भासतो, आणि मग एखादा उत्साही अधिकारी किंवा तितकीच उत्साही सेवाभावी संस्था त्यावर खड्डे खणून झाडे लावते. गिरिपुष्पाच्या रांगा उभ्या राहतात, समारंभाचे छायाचित्र छापून येते, आणि मोकळ्या नजरेवर ज्याचे जगणे अवलंबून आहे असा पक्षी तेथून निघून जातो. वृक्षारोपणाने वन्यजीवांचे नुकसान होऊ शकते, हे ऐकावयास विचित्र वाटते खरे. पण माळावर ते घडते.

कोणाच्या मालकीचे, कोणाच्या उपयोगाचे

या माळांपैकी बराचसा भाग सरकारी आहे. काही वनखात्याकडे, काही महसूल खात्याकडे, आणि काही गावाच्या गुरचरणीसाठी राखून ठेवलेला, म्हणजे गायरान. गायरानाची मालकी सरकारची असते व उपभोग गावाचा. या दुहेरी स्थितीत त्याचे बळही आहे आणि दुबळेपणाही. बळ असे की, ते कोणा एकाला विकता येत नाही. दुबळेपणा असा की, त्याच्या नफ्यातोट्याची नोंद कोणाच्याच वहीत होत नाही. ज्याच्या घरी दोन शेळ्या आहेत अशा विधवेला गायरानातून वर्षाला किती चारा मिळाला, किती सरपण मिळाले, किती रानभाजी मिळाली, याचा आकडा राष्ट्रीय उत्पन्नात येत नाही. ते गायरान गेले आणि तिला चारा विकत घ्यावा लागला, की मात्र तो व्यवहार उत्पन्नात धरला जातो. म्हणजे तिचे नुकसान झाले त्या दिवशी राष्ट्राची भरभराट झाली, असे आकडे सांगतात. राष्ट्रीय उत्पन्नाच्या शास्त्रातील ही उणीव वर्गात शिकविली जाते, परीक्षेत तिच्यावर चार गुणांची टीपही विचारली जाते. पुढे काही होत नाही.

ही उणीव भरून काढण्याचा एक प्रामाणिक प्रयत्न एन. एस. जोधा या अर्थशास्त्रज्ञाने केला. देशाच्या कोरडवाहू भागातील सात राज्यांतल्या एकवीस जिल्ह्यांत, ऐंशीहून अधिक गावांत त्यांनी सामाईक जमिनींचा अभ्यास केला आणि १९८६ साली तो प्रसिद्ध झाला. गरीब कुटुंबांच्या उत्पन्नाचा १४ ते २३ टक्के भाग या सामाईक जमिनींतून येत होता. सधन कुटुंबांच्या बाबतीत हे प्रमाण नगण्य होते. आणि १९५० नंतरच्या तीन दशकांत या जमिनींचे क्षेत्र ३१ ते ५५ टक्क्यांनी घटले होते. या दोन निष्कर्षांना एकत्र ठेवले तर एवढे स्पष्ट होते की, गायरानाचे आकुंचन हा केवळ हरणाचा किंवा लांडग्याचा प्रश्न नाही. ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याची ती मिळकत होती, आणि ती त्याला न विचारता कमी करण्यात आली.

सामाईक जमीन टिकतच नाही, प्रत्येक जण आपली गुरे वाढवीत नेतो आणि शेवटी सगळ्यांचाच नाश होतो, असा सिद्धान्त गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६८ साली मांडला. तो इतका सोपा आणि इतका सोयीचा होता की शासकीय टिपणांत तो सिद्ध सत्यासारखा वावरू लागला. वस्तुतः हार्डिनने वर्णन केलेले कुरण सामाईक नव्हतेच, ते बेवारस होते. सामाईक मिळकतीला वहिवाट असते, पाळ्या असतात, दंड असतो, आणि दंड करणारा शेजारी असतो. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी स्वित्झर्लंडमधील कुरणांपासून फिलिपाइन्समधील पाटांपर्यंत अशा व्यवस्थांचा अभ्यास करून १९९० साली ते दाखवून दिले, आणि २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मराठी मुलखात हे समजून घेण्यासाठी स्टॉकहोमपर्यंत जावे लागत नाही. माणदेशातला धनगर दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणात उतरतो, कोणाच्या शेतात किती रात्री मेंढ्या बसवावयाच्या, लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य किती, हे सारे तोंडी ठरते आणि पाळले जाते. कळपातले एखादे कोकरू लांडग्याने नेले तर तो त्याचा वाटा, असे मानणारे मेंढपाळ आजही भेटतात. वन्यजीवरक्षणाचा याहून स्वस्त विमा कोणत्याही कंपनीला काढता आलेला नाही.

नान्नजचा धडा

या पार्श्वभूमीवर सोलापूरजवळच्या नान्नजची हकिगत लक्षात घ्यावी लागते. कारण तेथे संरक्षणाची बाजू हरली, आणि ती केवळ शत्रूंमुळे हरली नाही.

माळढोक हा उडणाऱ्या पक्ष्यांतील सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक. नर पंधरा किलोपर्यंत भरतो. मादी सामान्यतः वर्षाकाठी एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. नान्नजच्या माळावर हा पक्षी आहे हे सत्तरच्या दशकात निश्चित झाले, अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून गवताची राखीव क्षेत्रे तयार झाली, आणि १९७९ साली शासनाने माळढोक अभयारण्य जाहीर केले. त्याचे क्षेत्र किती असावे? ८,४९६ चौरस किलोमीटर. सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर अशा दोन जिल्ह्यांतील कित्येक तालुक्यांत ते पसरले होते. त्यात शेते होती, गावे होती, आठवड्याचे बाजार होते, साखर कारखान्यांकडे जाणारे रस्ते होते. पक्ष्यासाठी खरोखर आवश्यक असलेले गवताळ तुकडे त्या अवाढव्य नकाशात तिळाएवढे होते.

हेतू चांगला होता यात शंका नाही. परंतु ज्याने हा नकाशा काढला त्याने त्यातील शेतकऱ्याला विचारले नव्हते. पुढे तीस वर्षे त्या शेतकऱ्याला जमिनीचा बिगरशेती वापर करावयाचा झाला, एखादा लघुउद्योग काढावयाचा झाला किंवा व्यवहार करावयाचा झाला, की वन्यजीव खात्याचा दाखला आडवा येई. ज्या शेतकऱ्याने आयुष्यात माळढोक पाहिला नव्हता त्यालाही ‘माळढोक’ हा शब्द पाठ झाला, आणि तो शिवीसारखा. अखेर प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि अभयारण्याचे क्षेत्र कमी होऊन सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर राहिले. तोपर्यंत उशीर झाला होता. उजनीचे पाणी आले, विंधन विहिरी आल्या, त्यामागून ऊस आणि द्राक्षे आली. ज्या जमिनीवर ज्वारी आणि गवत आलटून पालटून होत होते तिला उसाचा भाव मिळू लागला. ज्वारीच्या कापलेल्या रानात माळढोक वावरतो. उसाच्या फडात त्याला जागा नाही. त्यात वाढत्या वीजवाहिन्यांची भर पडली. हा जड पक्षी समोरची तार वेळेवर चुकवू शकत नाही, आणि राजस्थान-गुजरातेत तर तोच त्याच्या मरणाचा एक मुख्य मार्ग ठरला. देशभरात तो आता दीडशेच्या आतच उरला असल्याचे मानले जाते. नान्नजला एखादी मादी दिसली तरी त्याची वृत्तपत्रात बातमी होते.

येथे अर्थशास्त्राचा एक साधा नियम मोडला गेला. पक्ष्याच्या अस्तित्वाचा लाभ साऱ्या देशाला, किंबहुना पुढच्या पिढ्यांना, आणि त्याचा खर्च मात्र करमाळ्याच्या आणि कर्जतच्या कोरडवाहू शेतकऱ्याला, अशी विभागणी करण्यात आली. ज्याच्यावर खर्च लादला त्याला मोबदला नाही. ज्वारी पेरणाऱ्याला, गवत राखणाऱ्याला, घरट्याच्या काळात त्या शेताकडे न फिरकणाऱ्याला हेक्टरी काही रक्कम दरसाल दिली असती, तर ती एखाद्या लहानशा पुलाच्या खर्चाहूनही कमी भरली असती. त्याऐवजी नकाशावर रेघ ओढण्यात आली, कारण रेघ ओढण्यास अंदाजपत्रकात तरतूद लागत नाही.

दहा रुपये चौरस फूट

वनजमिनीची किंमत ठरविण्याचा प्रयत्न झालाच नाही असे नाही. १९८० च्या वन (संवर्धन) कायद्याने केंद्राच्या संमतीशिवाय वनजमीन दुसऱ्या कामाला देण्यास बंदी घातली. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ‘वन’ या शब्दाचा अर्थ शब्दकोशातला घ्यावा, मालकी कोणाचीही असो, असे सांगितले. पुढे प्रश्न निघाला की, संमती देऊन जे वन तोडले जाते त्याची भरपाई कशी करावयाची. कांचन चोप्रा या अर्थशास्त्रज्ञ विदुषींच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि अखेर २००८ साली न्यायालयाने वनजमिनीच्या ‘निव्वळ वर्तमान मूल्या’चे दर मान्य केले. वनाचा प्रकार आणि घनता पाहून हेक्टरी किमान ४ लाख ३८ हजार ते कमाल १० लाख ४३ हजार रुपये. राष्ट्रीय उद्यान असेल तर दसपट, अभयारण्य असेल तर पाचपट.

आकडा लाखांत असल्याने मोठा वाटतो. तो फुटांत मांडून पाहावा. एका हेक्टरात १ लाख ७ हजारांहून अधिक चौरस फूट असतात. म्हणजे देशातल्या उत्तमोत्तम घनदाट वनाची किंमत चौरस फुटाला दहा रुपयांच्या आत भरली. २०२२ साली दर वाढविण्यात आले, कमाल दर सुमारे १६ लाखांवर गेला. तरी चौरस फुटाला पंधरा रुपये होत नाहीत. जिल्ह्याच्या गावी चौरस फुटाची फरशी या पैशात मिळत नाही. शेकडो वर्षांत तयार झालेली माती, तिच्यातून झिरपणारे पाणी, त्यावरचे प्राणी आणि माणसे हे सर्व धरून ही किंमत आहे.

हा आकडा इतका लहान का येतो, याचे एक कारण हिशेबाच्या पद्धतीतच आहे. भविष्यातील लाभाची आजची किंमत काढताना त्यावर कसर धरली जाते. पन्नास वर्षांनी मिळणाऱ्या शंभर रुपयांची आजची किंमत दहा टक्के दराने पंच्याऐंशी पैसे, पाच टक्क्यांनी पावणेनऊ रुपयांच्या आत, आणि दोन टक्क्यांनी सदतीस रुपये. दर कोणता घ्यावयाचा हे गणित सांगत नाही. आपल्या नातवाची आपल्याला किती फिकीर आहे ते सांगते. खाणीचा लाभ पहिल्या वीस वर्षांत संपतो म्हणून तो या गणितात जाड दिसतो. ओढ्याचा लाभ कधीच संपत नाही, आणि नेमका म्हणूनच तो बारीक दिसतो. चोप्रा समितीने सामाजिक दर कमी धरण्याचा आग्रह धरला होता, हे तिचे श्रेय.

तथापि वनाला निदान हा दर तरी आहे. गायरानाला तोही नाही. कागदोपत्री ते वन नाही, म्हणून त्याचे निव्वळ वर्तमान मूल्य कोणी भरत नाही. उलट दुसरीकडे तोडलेल्या वनाची भरपाई म्हणून झाडे लावण्यासाठी ज्या ‘मोकळ्या’ जमिनी शोधल्या जातात, त्यांत माळरानाचा नंबर पहिला लागतो. म्हणजे एक वन गेले त्याची भरपाई दुसरा माळ बिघडवून.

कोणाविरुद्ध लढावयाचे?

सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करून त्या गावाला परत देण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. महाराष्ट्र शासनाने त्याच वर्षी १२ जुलैला निर्णय काढला: अन्य जमीन उपलब्ध नसेल तरच, आणि शासनाच्या सार्वजनिक प्रयोजनासाठीच, गायरान द्यावे. कागदावर याहून अधिक काय मागावे? पण ‘सार्वजनिक प्रयोजन’ हा शब्द ऐसपैस आहे. त्यात पाण्याची टाकी बसते, क्रीडासंकुल बसते, आणि आता सौर प्रकल्पही बसतो.

सौर प्रकल्पांचा प्रश्न सरळ नाही. शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारण्याची राज्य शासनाची योजना आहे, आणि रात्री विंचवाकाट्यात पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याला तिचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. खासगी जमिनीला तिच्यात हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे ठरले, आणि ग्रामपंचायतीला सार्वजनिक कामांसाठी तीन वर्षांत पंधरा लाख. सरपंचाने ‘हो’ म्हणू नये असे कारण त्याला दिसत नाही. पण शासनाजवळ गायरान हाताशी असले की खासगी जमिनीचे भाडे वाचते, आणि वाचलेला खर्च कोणावर पडतो, तर ज्याची मेंढरे त्या माळावर चरत होती त्याच्यावर. प्रदूषणरहित विजेचा काही भाग अशा रीतीने मेंढपाळाच्या वर्गणीतून तयार होतो. ही वर्गणी त्याने मंजूर केलेली नाही. ती मोजून, तिचा मोबदला देऊन, आणि ज्या माळावर चिंकारा-लांडग्यांची वस्ती आहे तो वगळून योजना पुढे नेता येईल. छपरे, कालव्यांच्या कडा, खरोखर नापीक झालेल्या चोपण जमिनी यांचा विचार आधी करता येईल. वेळ लागेल एवढेच.

दुसरी गुंतागुंत याहून नाजूक आहे. २०२२ साली गायरानांवरील अतिक्रमणांचा विषय मुंबई उच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा त्यांची संख्या सव्वादोन लाखांच्या घरात असल्याचे पुढे आले. नोटिसा निघाल्या आणि गावोगाव हलकल्लोळ झाला. या सव्वादोन लाखांत बागायतदाराचे सरकविलेले कुंपण आहे, राजकीय कार्यकर्त्याचा ढाबा आहे. आणि ज्याला गावठाणात कधी जागाच मिळाली नाही त्या दलित शेतमजुराची झोपडी व दोन एकर ज्वारीही आहे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांसाठी जो सत्याग्रह केला, त्याची मुख्य मागणी पडीक जमीन कसणाऱ्याच्या नावे व्हावी हीच होती. शासनाने १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करावयाचे ठरविले. त्याची अंमलबजावणी मराठवाड्यातल्या कित्येक गावांत अजून रेंगाळते आहे. जगपाल सिंग प्रकरणातील न्यायालयानेही भूमिहीन, अनुसूचित जाती व जमाती यांना रीतसर दिलेल्या जमिनी अपवाद मानल्या होत्या. पण बुलडोझरला अपवाद वाचता येत नाहीत.

निसर्गरक्षणाची भाषा बोलणाऱ्यांनी ढाबा आणि झोपडी यांना एकाच यादीत घातले, तर नान्नजची चूक ते दुसऱ्यांदा करतील. गायरानाच्या रक्षणासाठी गावात जो सहज सोबती होऊ शकतो तो अल्पभूधारक, मेंढपाळ, शेळ्या राखणारी बाई हाच आहे. त्यालाच पहिला आरोपी केल्यावर माळाच्या बाजूने उभे राहणार कोण? शहरातली छायाचित्रकारांची मंडळी रविवारी येतात, आणि सोमवारी त्यांना कचेरी असते.

हे नाते जुळले की काय घडते, याचे उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात आहे. मेंढा (लेखा) या गोंड गावाने देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने वर्षानुवर्षे अभ्यासगट चालविले, सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत पाडली, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळविला. हक्क मिळाला तरी बांबू विकता येईना. १९२७ च्या वन कायद्याच्या दृष्टीने बांबू हे झाड होते, नव्या कायद्याच्या दृष्टीने गौण वनोपज. गवत-वर्गातली ही वनस्पती झाड आहे की नाही यावर दोन वर्षे कागद फिरत होते. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, तेव्हा कोठे तो वाद मिटला. त्याआधीची स्थिती काय होती? माधव गाडगीळ यांनी कर्नाटकातले एक उदाहरण पुन्हापुन्हा सांगितले आहे: कागद गिरणीला टनामागे दीड रुपयाने बांबू, आणि बाजारात बुरडाला तोच दीड हजाराने. इतका स्वस्त कच्चा माल जपून वापरील असा कारखानदार कोणत्याही देशात नाही, आणि गिरणीने बांबूची बने संपविली.

चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव नावाचे याहून लहान गाव आहे. २०१२ साली त्याला सुमारे हजार हेक्टरांवर हक्क मिळाला. बांबूची विक्री ग्रामसभा करते, मजुरी देते, हिशेब ठेवते. तेंदूपानाचे उत्पन्न मात्र या गावाने स्वतःहून सोडले. कारण पानांसाठी फांद्या छाटाव्या लागतात आणि रानाला आगी लावल्या जातात. त्यापुढे जाऊन चौतीस हेक्टरांचा एक भाग त्यांनी हात न लावण्यासाठी राखला. तेथे तारेचे कुंपण नाही, पहारेकरी नाही. हातावर पोट असलेल्या माणसांनी रोख पैसा नाकारला, कारण पुढच्या वर्षीचा बांबूही आपलाच आहे याची त्यांना खात्री होती. भविष्यावर किती कसर धरावी, हा वर उल्लेखिलेला प्रश्न त्यांनी असा सोडविला. हे सर्वत्र असेच घडेल असा दावा करता येणार नाही. गडचिरोलीतच हक्क मिळूनही ठेकेदाराच्या हाती गेलेल्या ग्रामसभा आहेत. पण निर्णयाचा अधिकार आणि उत्पन्नाचा वाटा एकाच हाती असला तर काय शक्य आहे, हे या दोन गावांनी दाखविले आहे, आणि पश्चिम महाराष्ट्रातील माळांच्या बाबतीत तसा प्रयोग अद्याप व्हावयाचा आहे.

दप्तर उघडण्याचे काम

१ नोव्हेंबर १९८७ रोजी पश्चिम घाट बचावासाठी एक पदयात्रा कन्याकुमारीहून आणि दुसरी आपल्या नवापूरहून निघाली, आणि तीन महिन्यांनी गोव्यात त्या एकत्र आल्या. सह्याद्रीचा प्रश्न लोकांपर्यंत नेण्यात त्या चालण्याचा वाटा मोठा होता. माळरानाला असे भाग्य क्वचितच लाभते. ते चालून जावे असे रम्य नाही आणि तेथे सावलीही नाही. त्याचा बचाव व्हावयाचा असेल तर तो कागदांच्या मैदानात अधिक व्हावयाचा आहे, आणि हे काम ज्यांना जमेल असा वर्ग तालुक्याच्या गावोगाव आहे. शाळामास्तर आहेत, कारकून आहेत, महाविद्यालयांत बसलेली हजारो मुले आहेत.

गावच्या सरकारी जमिनींची नोंद गाव नमुना ‘एक-ब’ मध्ये असते, वनजमिनींची ‘एक-अ’ मध्ये, अतिक्रमणांची ‘एक-इ’ मध्ये. ही काही गुप्त कागदपत्रे नव्हेत; माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज पुरतो. आपल्या गावचे गायरान १९५० साली किती होते, आज किती उरले, मधले कोणाच्या आदेशाने कशासाठी गेले, एवढा एकच तक्ता प्रत्येक गावासाठी तयार झाला तरी पुष्कळ वादांचा निकाल आपोआप लागेल. जैवविविधता कायदा २००२ सालचा. त्यान्वये प्रत्येक ग्रामपंचायतीने गावच्या वनस्पती, प्राणी आणि त्यांविषयीचे लोकज्ञान यांची नोंदवही तयार करावयाची आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली तेव्हा देशभर या नोंदवह्या घाईघाईने भरल्या गेल्या. शेजारच्या गावची वही उतरविल्याच्या तक्रारी तेव्हाच झाल्या. आणि इकडे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशामुळे पर्यावरण हा विषय पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सक्तीचा आहे. त्याचा ‘प्रकल्प’ लेखनसाहित्याच्या दुकानात तयार मिळतो, वाघाच्या रंगीत चित्रासह. प्राध्यापक तो तपासतात, गुण देतात, आणि गठ्ठा रद्दीत जातो. ही दोन सक्तीची कामे, एक ग्रामपंचायतीचे आणि एक महाविद्यालयाचे, एकमेकांपासून दोन मैलांवर स्वतंत्रपणे वाया जात आहेत.

ग्रामसभा वर्षातून साधारणपणे चारदा भरते: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. यांतील पहिल्या दोन तारखांना माणदेशातला मेंढपाळ परमुलखात असतो, आणि तो मृगाच्या पावसाला परततो. गायरान दुसऱ्या कामाला देण्याचा विषय सूचनापत्रावर छापलेला असतोच असे नाही. पुष्कळदा तो ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ या शेवटच्या सदरात येतो, आणि तोवर चहा झालेला असतो. गायरानाचा ठराव फक्त १५ ऑगस्टच्या सभेतच घ्यावा, तो पंधरा दिवस आधी चावडीवर लावावा, आणि सभेच्या इतिवृत्तात मेंढपाळ कुटुंबांची हजेरी वेगळी नोंदवावी, असा नियम करण्यास शासनाला एका परिपत्रकापलीकडे काही खर्च येणार नाही.